डबा बांधून निघालेलं कोल्हापूर

माघातल्या रविवारी उजाडायच्या आधीच कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर वर्दळ सुरू होते. गार पाण्यानं हातपाय धुवायचे, शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे, निगवे, कुशिरे ही गावं मागे टाकायची आणि गायमुखाच्या वाटेनं जोतिबाचा डोंगर चढायचा. हे जोतिबाचे खेटे. माघात असे पाच खेटे घालायची रीत आहे. केदारनाथाकडे परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई करवीरातून, म्हणजे कोल्हापुरातून, अनवाणी डोंगरावर गेली, अशी कथा सांगतात. तिच्या मागोमाग शहर अजून चालतं आहे. चालणाऱ्यांत काठी टेकणारे आजोबा असतात, नवी लग्न झालेली जोडपी असतात, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं असतात. वर पोचलं की दर्शन, गुलाल-खोबरं, दवणा. आणि मग सावली बघून सोडलेलं भाकरीचं फडकं.

नवस आणि श्रद्धा तर आहेच. पण याच वाटेवर कोल्हापूरच्या कितीतरी पिढ्यांना आणखी एक गोष्ट मिळाली: अख्खं घर मिळून, मोकळ्या हवेत, जवळजवळ फुकटात घालवलेला एक दिवस. कोल्हापूरच्या सहलीचा इतिहास सांगायचा तर तो हॉटेलांपासून किंवा पर्यटन खात्यापासून सुरू करून चालत नाही. तो देवाच्या डोंगरापासून सुरू होतो आणि भाकरीच्या फडक्यातून पुढे सरकतो.

शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरच्या या डोंगरावरचं आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला सासनकाठ्या नाचवत गावंच्या गावं इथं येत आली आहेत. जुन्या काळी शेतकरी गाडी जुंपून निघत. गाडीत वैरण, शिधा, चुलीसाठी जळण आणि मधल्या जागेत बायकापोरं. मुक्काम झाडाखाली. राहण्याचा खर्च नाही, जेवणाचा खर्च घरातल्या पिठाचा. आजच्या भाषेत ज्याला कुटुंबाची सुट्टी म्हणतात, ती शेतकऱ्याच्या घरात वर्षातून अशी एकदा-दोनदा यायची आणि तिची तारीख पंचांग ठरवायचं.

शहरातल्या गल्ल्यांचंही तसंच. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी आणि शुक्रवारी पेठापेठांतून ते पाणी टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं. पुढे ‘पी ढबाक’ वाद्यांचा गजर, मागे डोक्यावर घागरी घेतलेल्या मुली, त्यांच्यामागे सगळी गल्ली. देवीच्या पायरीवर पाणी वाहून झालं की नैवेद्य आणि गल्लीचं एकत्र जेवण. ललितापंचमीला तर खुद्द अंबाबाईची पालखी याच टेकडीवर येते, कोहळा फोडायचा विधी होतो आणि टेकडीच्या उतारावर जत्रा भरते. शहराच्या पूर्व अंगाला असलेली ही छोटीशी टेकडी. पण मंगळवार पेठेतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या बाईला घराचा उंबरठा ओलांडून उघड्यावर, चार जणींबरोबर मोकळेपणानं दिवस काढायचं निमित्त या टेकडीनं दिलं, हे विसरता येत नाही.

यात्रा पंचांगावर चालते. पगारी माणसाला मात्र ठरलेला सुट्टीचा वार लागतो, आणि तो आपसूक मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांमधला कामगार आठवडाभर विश्रांतीवाचून राबत होता, तेव्हा महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीसाठी लढा उभारला. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हाला हवा, असंही त्यांनी मांडलं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं आठवड्याची सुट्टी सरकारी नियमात आली. कोल्हापुरात जोतिबाचा वारही रविवारच. पुढे १९०६ मध्ये कोल्हापूर संस्थानचे राजे शाहू महाराज यांनी इथं कापडगिरणी काढली, शहरात कामगारवस्ती वाढली, आणि देवाचा वार व सुट्टीचा वार एकच असल्याचा फायदा या वस्तीला झाला.

इंग्लंडमधला इतिहास इथं शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यानं सुमारे ५०० माणसांना लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं नेलं, जाऊनयेऊन एक शिलिंगात. दारूबंदीच्या सभेसाठी काढलेली ही फेरी स्वस्त सहलीच्या धंद्याची सुरुवात मानली जाते. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्यानं नोकरदारांना काही हक्काच्या सुट्ट्या मिळाल्या. पण सुट्टी मिळाली तरी जायचं कुठं? मोकळी माळरानं आणि डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर भागातले शेकडो कामगार बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले आणि त्यांच्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा तिथं १९४९ मध्ये झाला. तिथल्या माणसाला डोंगरावर पाय ठेवायला भांडावं लागलं. आपल्याकडे डोंगराच्या माथ्यावर देव बसलेला होता, त्यामुळे वाट बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

पण ही वाट सगळ्यांना सारखी मोकळी होती, असं म्हणणं खोटं ठरेल. घराबाहेर पडलेल्या माणसाला वाटेत पाणी लागतं, टेकायला धर्मशाळा लागते, चहाचा घोट लागतो. अस्पृश्य ठरवलेल्या कुटुंबांना यातलं काहीच धडपणे मिळत नव्हतं. पाणवठ्यावर हात लावायची बंदी असलेल्या बापानं पोराबाळांना घेऊन दिवसभराच्या वाटेवर निघायचं कसं? म्हणून शाहू महाराजांनी १९१९ साली काढलेला आदेश सहलीच्या इतिहासातही मोठा आहे. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती अस्पृश्यांना खुल्या करा, असं त्यात बजावलं होतं. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेत, ही गोष्ट कोल्हापुरात आजही घरोघरी सांगितली जाते. रस्ता सगळ्यांचा असतो हे शहराला असं शिकवावं लागलं.

त्याआधीच वाहनांनी पल्ला वाढवला होता. १८९१ मध्ये मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. संस्थानच्या मालकीची ही लाइन गुळासाठी आणि मालासाठी मोलाची होतीच, पण तिनं कृष्णाकाठ कोल्हापूरच्या घराघराला जवळ आणला. नृसिंहवाडी, म्हणजे बोलण्यातली नरसोबाची वाडी, एका दिवसाच्या टप्प्यात आली. पुढे १९१७ मध्ये याच लाइनवर शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं जयसिंगपूर वसवलं. रेल्वेनं उतरायचं, टांगा किंवा बैलगाडी करायची आणि कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पोचायचं.

वाडीचा दिवस कसा जातो हे कोल्हापूर-सांगलीतल्या माणसाला सांगायला नको. घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडायचे, नृसिंह सरस्वतींच्या पादुकांचं दर्शन घ्यायचं, दुपारची आरती, प्रसाद, आणि परतताना कवठाची बर्फी, पेढे, बासुंदी. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढत देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नान करायला माणसं भर पावसात धावत येतात. पूर म्हटला की भीती वाटते. इथं पाणी ठरलेल्या मर्यादेत असेल तर त्याच पुराचा सण होतो. वाडीला आलेलं घर थोडी हिंमत करून खिद्रापूरला गेलं, तर शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ बघायला मिळतं. तिथल्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळीक ठेवली आहे. त्या गोलाखाली उभं राहून मान वर केली की आभाळाचा तेवढाच तुकडा दिसतो. पोरं तिथं गोल गोल फिरतात आणि थोरांनाही गप्प बसवत नाही.

आता पन्हाळा. कोल्हापूरकराच्या सहलीचं नाव काढलं की पहिल्यांदा ओठांवर येतो तो हाच. शिलाहार राजा दुसरा भोज यानं वसवलेला, १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकलेला, १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज जिथून विशाळगडाकडे निसटले तो हा गड. ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत ही करवीर राज्याची राजधानी होती. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी बंड केलं, इंग्रजांनी गड घेतला आणि चार दरवाजा पाडला. युद्धाच्या कामाचा राहिला नाही तेव्हा गड हवा खाण्याच्या कामाला आला. उन्हाळ्यात संस्थानातले साहेब आणि सरदार इथं हवापालटाला यायला लागले. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही केले.

पण महाबळेश्वर-माथेरानच्या वाटेनं पन्हाळा गेला नाही, आणि हेच त्याचं मोठेपण. गडावर वस्ती कधी तुटली नाही. तीन दरवाजाजवळून गावातली माणसं रोजच्या कामाला जात-येत राहिली. अंबरखान्याच्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. त्या थंडगार अंधाऱ्या कोठीत शाळेच्या पोरांनी आरोळी देऊन घुमणारा आवाज ऐकायचा, हा तर पन्हाळ्याचा ठरलेला कार्यक्रम. सज्जाकोठीच्या खिडकीत उभं राहून जोतिबाचा डोंगर ओळखायचा, अंधारबावीच्या पायऱ्या चाचपडत उतरायच्या, तबक उद्यानात झाडाखाली सतरंजी पसरायची. कवी मोरोपंतांचा जन्म १७२९ मध्ये याच गडावर झाला, हे मराठीच्या बाई वर्गात आधीच सांगून ठेवतात. बहुतेक ठिकाणी खिशात हात घालावा लागत नाही.

आणि मग झुणका-भाकर. गडावरच्या नि पायथ्याच्या वाड्यांमधल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन येतात, तीन दगडांची चूल मांडतात. पीठ परातीत मळायचं, तळहातावर गोळा फिरवायचा, थापताना भाकरी परातीत सरसर फिरली पाहिजे, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि उलटून निखाऱ्यापाशी धरली की टम्म फुगते. त्यावर झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, फोडलेला कांदा, छोट्या गाडग्यातलं घट्ट दही. “या की पाव्हणं, गरम हाय,” अशी हाक येते आणि घरून आणलेला डबा बाजूला राहतो. या बायकांनी पन्हाळ्याला जेवढं जपलं आहे, तेवढं कुठल्याच हॉटेलानं जपलेलं नाही. सहलीला आलेल्या घराचा पैसा थेट गडावरच्या चुलीपाशी जातो, मध्ये कुणी नाही. स्वस्त सहल म्हणजे यजमानाला काहीच मिळत नाही, असा कुणाचा समज असेल तर त्यानं एकदा तिथं बसून जेवावं.

थंडीतली सहल गुऱ्हाळावर. कोल्हापूरच्या गुळाला शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही बाजारपेठ वसवून दिली, आणि गुऱ्हाळ ही जिल्ह्याची हिवाळ्यातली ओळख झाली. ऊस चरकात जातो, रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात वाळली चिपाडं ढकलत राहायची. भेंडीच्या पाण्यानं मळी वर आली की ती काढून टाकायची. पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या म्हणजे इथला मुख्य माणूस. तो गार पाण्यात हात बुडवतो, उकळत्या पाकाचा थेंब बोटांवर घेतो, पाण्यात त्याची गोळी वळून बघतो आणि एका शब्दात निकाल देतो. मग काहील वाफ्यात ओततात आणि गरम गुळाचा वास शिवारभर पसरतो. गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा इथला रिवाज. पोरांच्या हातात उसाचं कांडं, त्याच्या टोकाला गरम गूळ, मुठीत शेंगदाणे. शेतकरी ओळखीचा असला की झालं, पाहुण्याला एक पैसा लागत नाही. साखर कारखाने वाढले तशी गुऱ्हाळं घटली, आणि आता काही ठिकाणी ताटावर दर लावून ‘गुऱ्हाळ सहल’ विकतात. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर त्यात वाईट काही नाही, पण ओळखीवर चालणारी ती जुनी बैठक त्यात हरवते हे खरं.

आणि ज्या दिवशी कुठंच जाणं होत नाही, त्या दिवशी रंकाळा. तिथं मोठी दगडखाण होती आणि भूकंपात तिचं तळं झालं, अशी आख्यायिका आहे. पाणी उतरलं की तळ्यातला संध्यामठ उघडा पडतो. काठावरचा शालिनी पॅलेस १९३४ मध्ये बांधून झाला. राजवाडा राजकन्येच्या नावाचा, पण त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब पाहायचा हक्क चौपाटीवरच्या प्रत्येकाचा. संध्याकाळी घरातली सगळी माणसं चालत येतात, कठड्यावर बसतात, भेळेचा एक पुडा चौघांत फिरतो. परतताना गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात. समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. तो उभ्यानंच संपवायचा आणि ओठावरची पांढरी मिशी बाहीनं पुसायची. पाहुण्याला कोल्हापूर दाखवायचं तर अंबाबाईनंतर या कट्ट्यावर आणतात.

रंकाळ्याचे हाल मात्र शहरानंच केले. सांडपाणी सोडलं, जलपर्णी माजली, पाणी हिरवं पडून वास मारायला लागलं. ज्यांच्याकडे गाडी आहे ते दुसरीकडे गेले. ज्यांना हाच एक विसावा होता ते नाकाला पदर लावून तिथंच बसले. फुकटच्या जागेची काळजी घेतली नाही की भुर्दंड नेहमी याच माणसांना पडतो. रंकाळ्यासाठी कोल्हापूरकर पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरले, त्यामागे हीच भावना होती.

या सगळ्या ठिकाणांना एका माळेत ओवलं ते एसटीनं. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झालं, आणि पुढच्या काळात लाल गाडी घाट चढून पन्हाळ्यावर, जोतिबावर, गगनबावड्याला, राधानगरीला जायला लागली. कोल्हापूरच्या शाळांच्या सहली याच गाड्यांतून गेल्या. मागच्या बाकावर गाण्याच्या भेंड्या, पुढे उलटीसाठी लिंबू नि आवळासुपारी, प्रत्येकाच्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. लहान मुलांना अर्धं तिकीट होतंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट निम्मं तिकीट लागू झालं. या एका निर्णयानं जोतिबा-वाडीच्या गाड्यांमधलं चित्र पालटलं. भिशीच्या, बचत गटाच्या, एका गल्लीतल्या बायका स्वतःच ठरवून निघतात. घरच्या पुरुषाला पैसे मागायला लागत नाहीत. आषाढातल्या टेंबलाईनं जे दार किलकिलं केलं होतं, ते निम्म्या तिकिटानं सताड उघडलं.

पैसे मोजावे लागणारी ठिकाणंही आहेतच. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ मधलं, राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी. गव्यांचं ते राज्य. तिथं गाडी, वाटाड्या, शुल्क असा खर्च लागतो, त्यामुळे ते घरातल्या सगळ्यांचं ठिकाण कधी झालं नाही. कणेरी मठावरचं सिद्धगिरी म्युझियम तिकीट लावूनही गर्दी खेचतं, कारण गावगाड्यातले बारा बलुतेदार तिथं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहेत आणि आजोबांना नातवंडांना काहीतरी समजावून सांगायला मिळतं.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादीत पन्हाळा आहे. कोल्हापुरात आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण वारसा म्हटला की पाठोपाठ वाहनतळ येतो, मोठी हॉटेलं येतात, दर वाढतात, आणि सगळ्यांत आधी रस्त्याकडेची चूल हटवली जाते. गडाची देखभाल काटेकोर व्हावी, तटबंदीचा एक दगडही हलू नये. पण पाटी घेऊन आलेल्या बाईला बसायला जागा, झाडाखाली डबा सोडायची मुभा आणि गडापर्यंत वेळेवर येणारी एसटी, या तीन गोष्टी गडाच्या देखभालीच्या आराखड्यात लिहून घ्यायला हव्यात. कोल्हापुरात सहल स्वस्त राहिली ती कुणाच्या उपकारानं राहिलेली नाही. देवाचे डोंगर सगळ्यांचे मानले गेले, राजानं आणि सरकारनं रस्ते, रेल्वे, गाड्या यांवर पैसा घातला, आणि घरातल्या बाईनं पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, म्हणून ती स्वस्त राहिली.

तेव्हा येत्या रविवारी चारचाकी घरी ठेवून एसटीनं पन्हाळ्याला जा. जेवण गडावरच्या चुलीवर घ्या, आणि आपला कचरा आपल्या पिशवीतून खाली आणा.